केळं, लवंग आणि गव्हाच्या बिअरच्या पाच खेपा

भाच्याने ग्लास पुढे केला आणि तोंडाला लावायच्या आधीच पिकलेल्या सालदाटी केळ्याचा वास आला. त्याच्या मागून लवंगेचा. मी विचारलं, "यात काय काय घातलंयस?" तो म्हणाला, "मावशी, गव्हाचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला गहू, तसाच जवाचा माल्ट, कडूपणाला हॉप्सची फुलं आणि पाणी. केळं नाही, लवंगही नाही. ते दोन्ही यीस्टने केलंय."

मी गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत चौदा वर्षं गुणवत्ता-तपासणी करते. एखादा वास कुठून आला हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यात माझं आजोळ सत्तरीतलं. मामांची परवान्याची काजूची भट्टी दर हंगामात लागते, त्यामुळे निरो, म्हणजे काजूच्या बोंडूचा रस, आंबल्याचा वास लहानपणापासून ओळखीचा. पण एकाच गोड पाण्यातून यीस्ट केळं काढू शकतं आणि लवंगही, हे मला नवीन होतं. हे आपल्या हाताने करून बघायचंच, असं त्या दिवशी ठरवलं. पुढे सात महिने गेले. दुसऱ्या कुणाला इतके लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून. १८ डिसेंबरला अर्धी रजा टाकून मी तालुक्याच्या अबकारी कार्यालयात गेले. घरच्या स्वयंपाकघरात वीस लिटर बिअर केली तर चालेल का, एवढंच विचारायचं होतं. तिथल्या कारकुनांनी मला बसवून घेतलं आणि नीट समजावलं. गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा लागू आहे, दारू बनवायची तर परवाना हवा, आणि 'स्वतःपुरती' म्हटल्याने तो चुकत नाही. घरी करायचा बेत तिथेच सोडला. भाच्याची बार्देशात छोटी परवानाधारक ब्रुअरी आहे. त्याने आपल्या परवान्याखाली वीस लिटरच्या चाचणी-खेपा घ्यायच्या, असा अर्ज दिला. १० जानेवारीला होकार आला, म्हणजे तेवीस दिवसांनी. अट अशी की माल्ट किती आला, रस किती निघाला, किती ओतून दिला, सगळं रजिस्टरला लागलं पाहिजे. त्या वेळी मला ते ओझं वाटलं होतं. पण पुढे प्रत्येक चूक मला त्या रजिस्टरमध्येच सापडली. तुम्ही करणार असाल तर आधी आपल्या तालुक्याच्या कार्यालयात जाऊन विचारा, आणि उत्तर लेखी मागून घ्या.

पहिली खेप १२ जानेवारीला. फोंड्याहून सकाळची कदंबा बस, बाणस्तारी, पणजी, तिथून म्हापशाची बस. भांडी साधीच होती: तीस लिटरचा स्टीलचा टोप, गाळायला जाळीची पिशवी, रस आंबवायला प्लॅस्टिकचा फर्मेंटर, रसाची घनता मोजायला हायड्रोमीटर आणि थर्मामीटर. अडीच किलोच्या वर गव्हाचा माल्ट आणि दोन किलो जवाचा. जर्मनीत वाइत्सनबिअर, म्हणजे गव्हाची बिअर, म्हणवून घ्यायचं तर निम्मा तरी माल्ट गव्हाचा लागतो, म्हणून हे प्रमाण. गव्हाला टरफल नसतं, त्यामुळे गाळताना सगळं चिकट होऊन बसतं. त्यावर उपाय भाताच्या तुसाचा. गिरणीतून दोन मुठी तूस फुकट मिळाला. तो दोन-तीनदा धुऊन, उकळून माल्टमध्ये मिसळला की रस मोकळा वाहतो.

त्या दिवशी सगळा माल्ट पाण्यात भिजवून थेट ६६ अंशांना एक तास ठेवला. हॉप्स अगदी थोडे, वीस ग्रॅम, कारण या बिअरमध्ये कडूपणा पुढे यायला नको. रसाची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या मानाने घनता, १.०४९ आली; साखर आंबत जाते तसा हा आकडा उतरतो. दुकानात 'गव्हाच्या बिअरचं यीस्ट' म्हणून मिळालेलं कोरड्या यीस्टचं पाकीट २८ अंशांच्या रसात टाकलं आणि फर्मेंटर पॅसेजमध्ये ठेवला. जानेवारी आहे, हवा गार आहे, चालेल, असं मी धरलं होतं. दुसऱ्या दिवशी भाच्याने फोन केला. पॅसेजमध्ये २६ अंश, पण फर्मेंटरच्या पोटाला लावलेला थर्मामीटर ३० दाखवत होता. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता सोडतं. खोलीचं तापमान आणि रसाचं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं.

८ फेब्रुवारीला बाटल्या उघडल्या. पहिलीच बाटली फेस उडवत अर्धी रिकामी झाली. चव पातळ आणि आंबटसर, घशात दारूची आग, मिऱ्यासारखा थोडा तिखटपणा. केळ्याचा मागमूस नव्हता. शेवटची ग्रॅव्हिटी १.००६ आली होती. तिचा अर्थ मला नंतर कळला. गव्हाच्या बिअरसाठी विकली जाणारी काही यीस्ट डायास्टॅटिकस प्रकारची असतात. इतर यीस्ट ज्या लांब साखळीच्या साखरा सोडून देतात, त्याही ही हळूहळू फोडून खातात. बिअर कोरडी होते, आणि घाईने बाटलीत भरली तर बाटलीतही आंबत राहते आणि दाब वाढत जातो. अशी बाटली फुटूही शकते. उरलेल्या सगळ्या बाटल्या आम्ही जाड कापडाखाली उघडून ओतून दिल्या आणि रजिस्टरला तसं लिहिलं. पाकीट घेण्याआधी त्यावर 'डायास्टॅटिकस' हा शब्द आहे का ते बघा. नुसतं 'व्हीट' लिहिलंय म्हणून केळं मिळेल असं नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेआधी खर्च केला. म्हापशाहून जुना फ्रिज ४,५०० रुपयांना घेतला आणि त्याला लावायला १,४५० रुपयांचा तापमान-नियंत्रक. त्याची तार हवेत लोंबत ठेवू नका. फर्मेंटरच्या अंगाला टेकवून वर स्पंजचा तुकडा ठेवा आणि चिकटपट्टीने घट्ट बांधा, म्हणजे फ्रिज रसाचं तापमान सांभाळतो. यीस्ट बदललं, म्युनिक क्लासिक घेतलं, साडेसहाशेचं पाकीट. ते आइसबॉक्समधून मांडीवर धरून नेलं. उन्हात तापलेल्या बसच्या टपावरच्या पिशवीत यीस्ट ठेवू नये.

दुसरी खेप १६ फेब्रुवारीला. या वेळी १७ अंश धरून ठेवले, एका अंशाचाही फरक पडू दिला नाही. १५ मार्चला बाटली उघडली आणि मला आनंद झाला, कारण लवंगेसारखा काहीतरी औषधी वास येत होता. भाच्याने ग्लास नाकाशी धरला आणि मान हलवली. "मावशी, ही लवंग नाही. जखमेवरच्या पट्टीचा वास घेऊन बघ." मी घेतला. तोच होता.

या जागी मी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लोक इथेच फसतात आणि माझा तर व्यवसायच तपासणीचा. लवंगेचा वास ज्यामुळे येतो ते बिअरमधलं द्रव्य म्हणजे फोर-व्हिनाइल ग्वायकोल, हे फिनॉल गटातलं रसायन आहे. खऱ्या लवंगेत युजेनॉल असतं. दोघांची घडण सारखी, म्हणून नाकाला ती भावंडं वाटतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन फिनॉलला भेटलं की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात जाणवतं की सगळी खेप दवाखान्यासारखी लागते. यात दोष यीस्टचा नाही, पाण्याचाही नाही. क्लोरीन पिण्याच्या पाण्यात असायलाच हवं, बिअरला घेताना ते काढायचं काम आपलं. मी आता आदल्या संध्याकाळी पाणी उकळते, रात्रभर उघडं ठेवते आणि सकाळी चिमटीच्याही निम्मं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालते. भांडी धुतानाही ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं काही वापरत नाही.

नाक तयार करायला आम्ही एक सोपा खेळ केला. हलक्या, साध्या बिअरचे तीन ग्लास. एकात लवंगेच्या कोमट पाण्याचे चार थेंब, एकात नुसती बिअर, आणि तिसऱ्याच्या शेजारी बशीत साल काळी पडलेलं सालदाटी केळं कुस्करून. डोळे मिटून आलटून पालटून वास घ्यायचा. मोयरेचं केळं इथे कामाचं नाही, त्याची जात आणि वास वेगळा. बिअरमधलं केळं म्हणजे आयसोअमाइल अॅसिटेट, लहानपणी मिळणाऱ्या पिवळ्या गोळ्यांच्या जवळचा वास. आठ दिवस हे केलं आणि नंतर मला पट्टी आणि लवंग यांत गोंधळ झाला नाही.

तिसरी खेप २३ मार्चला, आणि तिच्यात लवंगेचा मार्ग सापडला. यीस्ट लवंग शून्यातून करत नाही. माल्टच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल बांधलेलं असतं. ते आधी रसात सुटावं लागतं, मग या जातीचं यीस्ट त्याचा एक तुकडा काढून टाकतं आणि लवंगेचा वास देणारं द्रव्य उरतं. लागर किंवा एल या प्रकारच्या बिअरच्या साधारण यीस्टला हे जमत नाही. फेरुलिक आम्ल सुटायला माल्ट ४४ अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबवावा लागतो. आमचं गणित असं: ४.६ किलो माल्टवर ४७ अंशांचं १० लिटर पाणी, ते ४४ वर येऊन स्थिरावतं. तिथे वीस मिनिटं. मग सतत ढवळत सुमारे ८ लिटर उकळतं पाणी, की ६६. या थांब्याआधी रसात आम्ल घालू नका, पीएच ५.७ च्या जवळपास असताना काम चांगलं होतं. आणि एक गोष्ट मला उलटी वाटली होती: या थांब्यात फेरुलिक आम्ल गव्हापेक्षा जवाच्या माल्टमधून जास्त सुटतं. गहू वाढवत गेलं म्हणजे लवंग वाढेल, असं नाही.

या खेपेत लवंग खणखणीत आली, पण केळं पुन्हा लाजलं. रजिस्टर उघडून बसले तर कारण समोरच लिहिलेलं. धोका नको म्हणून मी एकाऐवजी दोन पाकिटं टाकली होती, वीस लिटरला बावीस ग्रॅम. वर टोपाच्या तळाचा सगळा गाळ फर्मेंटरमध्ये जाऊ दिला होता. भरपूर यीस्ट असलं की त्याला वाढावं लागत नाही, आणि केळ्याचा एस्टर (फळाचा वास देणारं द्रव्य) मुख्यतः त्या वाढीच्या काळात, पहिल्या दोन-तीन दिवसांत तयार होतो. गाळातली मेदाम्लंही तो दाबतात. यीस्टला सुखात ठेवायच्या नादात मी केळं घालवलं होतं.

मामा त्या आठवड्यात फोंड्याला आले होते. त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही यीस्ट घालतच नाही गं. बोंडूच्या सालीवर असतं ते. निरो भांड्यात भरला की तीन दिवसांत आपोआप उकळायला लागतो. उन्हाळा तापला की लवकर, ढग आले की उशिरा." मग थांबून म्हणाले, "पण तू पहिले दोन दिवस बघतेस का त्याच्याकडे? आम्ही तेव्हाच बघतो." मी तोपर्यंत शनिवार-रविवारीच बघत होते. पुढच्या खेपांना मी पहिल्या तीन दिवसांची रजा घेतली.

चौथी खेप २७ एप्रिलला. एक पाकीट, गाळ बसायला अर्धा तास, आणि एकच रस वेगवेगळ्या भांड्यांत. एक भांडं फ्रिजमध्ये १८ अंशांना, दुसरं पाण्याच्या टबात बर्फाच्या बाटल्या बदलत २३ च्या आसपास. उरलेला तीन लिटर रस पसरट टोपात, वर नुसता फडका. बव्हेरियात अजूनही काही ठिकाणी ही बिअर उघड्या, उथळ हौदात आंबवतात. रसात कार्बन डायऑक्साइड कमी कोंडला की एस्टर खुलतात, म्हणून ते करून बघायचं होतं.

उघडा टोप वाया गेला. एप्रिल अखेरीस गोव्यात सगळीकडे बोंडू कुजत असतात आणि चिलटांचे थवे असतात. फडक्याखालून ती आत गेली आणि आठवड्यात व्हिनेगरचा वास आला. उघडं आंबवणं आपल्याकडे काजूच्या हंगामात करूच नये. एवढ्या लहान भांड्यात रसाच्या खोलीमुळे येणारा दाबही नगण्य असतो, त्यामुळे त्यातून मोठं काही मिळेल असं मला आता वाटत नाही.

पण बाकीच्या दोन भांड्यांनी सगळं शिकवलं. रस एक, यीस्ट एक, दिवस एक. १८ अंशांच्या बिअरमध्ये लवंग पुढे आणि केळं हळूच मागे. २३ च्या बिअरमध्ये केळंच केळं, किंचित च्युइंगमसारखं, आणि लवंग शोधावी लागत होती. दोन ग्लास शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ बसले होते. तुम्हाला एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करा. एकेका खेपेत चार गोष्टी बदलून मी तीन महिने घालवले.

पाचवी खेप ८ जूनला. पाऊस सुरू झाला होता. वीज जाणार हे धरूनच तयारी केली: दोन लिटरच्या सहा बाटल्या बर्फ करून, ओली चादर, आणि भाच्याकडे लिहून दिलेला कागद. ४४ अंशांचा थांबा वीस मिनिटं, एकच पाकीट, स्वच्छ निवळलेला रस, यीस्ट टाकताना १७ अंश. दीड दिवस १८ धरायचे आणि मग रोज एक-एक अंश चढवत २१ वर न्यायचे, म्हणजे लवंगही राहील आणि केळंही येईल. ९ तारखेला रात्री अकराला वादळात वीज गेली. आम्ही दोघांनी फ्रिजच्या आत बाटल्या लावल्या, दार चादरीने गुंडाळलं आणि दर तासाला उठून थर्मामीटर पाहिला. पहाटे पाचला वीज आली तेव्हा १९.५ होतं. मी तो आकडा लिहिला आणि तिथेच बाकावर झोपले.

१४ तारखेपासून फ्रिजमधून गंधकाचा वास येत होता. तो घाबरायचा नाही, काही दिवसांत जातो. सलग तीन दिवस ग्रॅव्हिटी १.०११ राहिली, तेव्हाच २२ जूनला बाटल्या भरल्या. लिटरला आठ ग्रॅम साखर. या बिअरला फेस जास्त लागतो, म्हणून जाड काचेच्याच बाटल्या घ्या, दुकानातल्या पातळ बाटल्या यासाठी वापरू नका.

आतापर्यंतचा खर्च: फ्रिज आणि नियंत्रक मिळून ५,९५०, पाच खेपांचा माल्ट, यीस्ट, हॉप्स, गॅस मिळून सुमारे ११,०००. बसभाडं आणि रजा वेगळ्या.

आषाढी एकादशीनंतर, १२ जुलैला, पहिली बाटली उघडली. मामांना मुद्दाम बोलावलं होतं. पावसात भट्टी बंद असते, त्यामुळे तेही आले. ग्लास तिरका धरून दोन तृतीयांश बिअर ओतली, उरलेली बाटलीत गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवलं आणि वरून सोडली. १५१६ च्या बव्हेरियाच्या नियमात जव, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं होती. यीस्टचं नावच नव्हतं, आणि इथे सगळा वास त्याचा. मामांनी ग्लास तोंडाशी नेला आणि न पिता पुन्हा खाली आणला, पुन्हा नेला. "केळं," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. "आणि मागे लवंग. दाताखाली धरल्यासारखी." भाचा माझ्याकडे बघून हसला. मला बोलायला शब्द सुचेना.

दर आठवड्याला एक बाटली उघडून मी नोंद ठेवते आहे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत दोन्ही वास भरलेले होते. पाचव्यापासून लवंग मऊ, थोडी व्हॅनिलासारखी होत गेली आणि केळंही उतरलं. ही बिअर साठवून ठेवायची नव्हेच. रजिस्टरला आज अकरा बाटल्या शिल्लक आहेत आणि सहाव्या खेपेसाठी तुसाची पिशवी धुऊन गच्चीत वाळत घातली आहे.